समशेर आणि तख्ते जमशीद

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सहावीच्या वर्गावर सिकंदराच्या स्वारीचा पाठ चालू होता. फळ्याशेजारी नुकताच आणलेला रंगीत तक्ता टांगला होता. त्या तक्त्यात इराणचा सम्राट दार्युश सिंहासनावर बसला होता आणि दोन्ही बाजूंस त्याचे शिपाई उभे होते. प्रत्येकाच्या हातात चंद्रकोरीसारखी वाकलेली तलवार. पाठ अर्ध्यावर आला असता दुसऱ्या बाकावरील एका मुलीने हात वर केला.

"सर, हे लोक मुसलमान होते का?"

"का ग? तुला असे का वाटले?"

"त्यांच्या हातात वाकडी तलवार आहे ना!"

वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. ही मुलगी आमच्याच मोहल्ल्यातील, रोज सकाळी कुराणशरीफ वाचून शाळेत येणारी. वाकडी तलवार दिसली की तो मुसलमान, हे समीकरण तिला घरी कोणी शिकवले नव्हते. सिनेमात, नाटकाच्या पडद्यावर, गोष्टीच्या पुस्तकांत तिने जी चित्रे पाहिली त्यांतून तिने ते आपणहून मांडले होते. दुसऱ्यांची मुलेही तीच चित्रे पाहतात, आणि तेही तेच गणित मांडत असतील, हा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही.

दार्युश इ.स.पू. ५२२ मध्ये गादीवर आला. पैगंबरसाहेबांचा जन्म इ.स. ५७० च्या सुमाराचा. म्हणजे दोहोंत जवळजवळ अकराशे वर्षांचे अंतर. एवढे सांगून मी वेळ मारून नेली. परंतु मुलगी चौकस. "मग वाकडी तलवार कोणाची, सर?" हा तिचा दुसरा प्रश्न आला आणि तेवढ्यात घंटा झाली म्हणून माझी सुटका झाली. मी बी.ए.ला इतिहास घेतला होता. राजांच्या सनावळ्या पाठ होत्या. पण तलवारीलाही इतिहास असतो हे मला कोणी सांगितले नव्हते आणि मीही कधी विचारले नव्हते. पुढच्या शनिवारी उत्तर देतो असे वर्गाला सांगून मी ग्रंथालयाची वाट धरली. तो शनिवार गेला, त्यानंतरचेही काही गेले. त्या वाचनातून जे हाती लागले ते पालकांपुढे आणि विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहे.

इराणच्या दक्षिण भागात फार्स नावाचा प्रांत आहे. आपण ज्या भाषेला फारसी म्हणतो आणि ज्या समाजाला पारशी म्हणतो त्या दोन्ही नावांचे मूळ या प्रांतात आहे. शेख सादी आणि हाफिज यांचे शिराझ शहर याच प्रांतात. तेथून ईशान्येस सुमारे ६० किलोमीटर गेले की मर्वदश्तचे मैदान लागते, आणि त्या मैदानाच्या कडेला कूहे रहमत या डोंगराच्या पायथ्याशी एक प्रचंड दगडी चौथरा दिसतो. लांबी सुमारे ४५० मीटर, रुंदी सुमारे ३०० मीटर. त्यावर उंच, एकाकी खांब उभे आहेत. इराणी लोक या जागेला तख्ते जमशीद म्हणतात. ग्रीकांनी तिला पर्सिपोलिस म्हटले आणि युरोपीय पुस्तकांतून तेच नाव आपल्याकडे आले. जे राजे तेथे राहिले ते मात्र तिला नुसते 'पार्स' म्हणत.

इ.स.पू. ५१८ च्या सुमारास दार्युशाने हे काम आरंभिले. त्याचा मुलगा झर्क्सिस आणि नातू अर्तझर्क्सिस यांनी ते पुढे नेले. चौथऱ्यावर चढण्यासाठी दुहेरी जिना आहे. प्रत्येक बाजूस १११ पायऱ्या, आणि एकेक पायरी जेमतेम १० सेंटिमीटर उंचीची. घोड्यावरून चढता यावे म्हणून पायऱ्या बुटक्या केल्या असे पूर्वी सांगत. पायघोळ झगे घातलेल्या पाहुण्यांना डौलाने चढता यावे हा हेतू असावा, असे आता बहुतेक विद्वान मानतात, आणि मलाही तेच पटते. वर गेल्यावर झर्क्सिसचा 'सर्व राष्ट्रांचा दरवाजा' लागतो. त्याच्या चौकटीतून पंखांचे, माणसाच्या तोंडाचे अजस्र बैल बाहेर आलेले आहेत. मुंबईस फोर्ट भागात माणेकजी शेठ अग्यारीच्या दाराशी याच जातीचे बैल ज्यांनी पाहिले असतील त्यांना वेगळी कल्पना देण्याचे कारण नाही. पुढे आपादाना नावाचा दरबार. त्याला ७२ खांब होते, प्रत्येक सुमारे २० मीटर उंच. त्यांपैकी १३ आज उभे आहेत.

या दरबाराच्या जिन्यांवर जी कोरीव चित्रे आहेत ती पाहण्यासाठी जगभरचे लोक येतात. साम्राज्यातील २३ प्रजांची शिष्टमंडळे नजराणे घेऊन रांगेने चालली आहेत. कोणी उंट आणला आहे, कोणी घोडे, कोणी मेंढे, कोणी भांडी, कोणी कापड. त्यांत 'हिंदुश' प्रांताचे, म्हणजे सिंधू नदीकाठचे लोकही आहेत. कमरेस धोतरासारखे वस्त्र, एकाच्या खांद्यावर कावड, कावडीच्या परड्यांत लहान लहान पिशव्या, बरोबर एक गाढव, आणि एकाच्या दोन्ही हातांत दोन कुऱ्हाडी. त्या पिशव्यांत सोन्याची रेती असावी असा तर्क आहे, कारण हिंदच्या प्रजेकडून इराणला सोन्याच्या रेतीचा कर जात असे हे ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने नोंदविले आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीचा कावडवाला आपल्याकडील कावडवाल्यासारखाच चालतो हे पाहून मोठी गंमत वाटते.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. या चित्रांत शस्त्रे पुष्कळ आहेत. पहारेकऱ्यांच्या हातात भाले आहेत, पाठीवर धनुष्य आणि भाते आहेत. मीड जातीच्या सरदारांच्या उजव्या मांडीवर म्यानात घातलेली आखूड तलवार लटकते. तिला ग्रीक लोक अकिनाकेस म्हणत. ती सरळ, दोन्ही बाजूंनी धार असलेली, खंजिरापेक्षा थोडी मोठी. समशेरीच्या जातीची, मागे झुकलेली वाकडी तलवार मात्र तख्ते जमशीदच्या दगडावर एकाही शिपायाच्या हातात नाही. जो तक्ता आम्ही पैसे देऊन विकत आणला त्याच्या चित्रकाराने दार्युशाची दाढी, मुकुट आणि सिंहासन मूळ शिल्पावरून बऱ्यापैकी उतरविले होते. तलवारीपाशी आल्यावर मात्र त्याने मूळ शिल्प बाजूला ठेवले.

या वैभवाचा शेवट इ.स.पू. ३३० मध्ये झाला. सिकंदराने शहर जिंकले, खजिना हलविला आणि राजवाडे जळाले. मेजवानीच्या रात्री थाइस नावाच्या अथेन्सच्या एका स्त्रीने मशाल पेटविण्याची चिथावणी दिली असे काही ग्रीक लेखक लिहितात. झर्क्सिसने पूर्वी अथेन्स जाळले होते, त्याचा हा सूड होता असेही सांगितले जाते. कारण काहीही असो, देवदाराच्या तुळयांचे छप्पर जळून खाली आले आणि दगड तेवढे उरले.

यानंतर जे घडले ते मला सर्वांत विलक्षण वाटते. हे कोणी बांधले हेच लोक विसरले. पुढे सासानी घराण्याचे राजे आले, त्यांनी जवळच नक्शे रुस्तम येथे जुन्या राजांच्या थडग्यांखाली आपली शिल्पे कोरली. परंतु दार्युशाची खिळ्यांसारखी लिपी वाचणारा कोणी उरला नव्हता. फिरदौसीने इ.स. १०१० मध्ये शाहनामा पुरा केला तेव्हा त्यातील राजांच्या मालिकेत तख्ते जमशीद बांधणाऱ्या दार्युशाचे आणि झर्क्सिसचे खरे चरित्र नाही. इतकी मोठी इमारत माणसांनी कशी उभारली असेल? तेव्हा पुराणकथेतील जमशीद राजाला तिचे श्रेय मिळाले. तेथून उत्तरेस पासारगाद येथे इराणी साम्राज्याचा संस्थापक कुरुश, म्हणजे सायरस, याची कबर आहे. लोक तिला 'सुलेमान पैगंबरांच्या मातेची कबर' म्हणू लागले. तेराव्या शतकात तिच्याभोवती मशीदही उभी राहिली, आणि त्या मशिदीसाठी शेजारच्या पडक्या राजवाड्यांचे खांब वापरले गेले. इतिहासाच्या दृष्टीने ही चूकच. पण याच समजुतीमुळे लोकांनी त्या कबरीचा मान राखला आणि ती आजही जागेवर आहे.

बरे, मुसलमान अमलात या अवशेषांकडे कोणी जिज्ञासेने पाहिलेच नाही असे समजण्याचे कारण नाही. फार्सचा बुवैही अमीर अझुदुद्दौला हिजरी ३४४ मध्ये, म्हणजे इ.स. ९५५ मध्ये, येथे आला होता. दार्युशाच्या महालाच्या दगडावर त्याने अरबी लेख कोरविला, तो आजही आहे. येथील जुने लेख आपण वाचवून घेतले आणि ते वाचणाऱ्यांत काझेरून गावचा एक मोबेद, म्हणजे अग्निपूजकांचा धर्मगुरू, होता असे त्यात नमूद आहे. त्यांनी वाचला तो लेख पहलवी लिपीतील, सासानी काळातला. पण मुसलमान अमिराने जरथुश्ती धर्मगुरूला बरोबर नेऊन भग्न महालात उभे राहावे, त्याच्याकडून जुनी अक्षरे समजून घ्यावीत आणि ती हकीकत दगडावर नोंदवून ठेवावी, हे दृश्य डोळ्यांसमोर आणून पाहावे.

खिळ्यांची लिपी वाचली गेली त्या कथेचा एक धागा आपल्या मुंबईतून जातो. डेन्मार्कच्या राजाने १७६१ मध्ये सहा जणांची एक तुकडी अरबस्तानच्या अभ्यासासाठी पाठविली होती. त्यांतील बहुतेक जण रोगराईने दगावले. कार्स्टन नीबूर हा एकटाच शेवटपर्यंत जगला. तो १७६३ मध्ये मुंबईस उतरला, तेथे वर्षाहून अधिक राहिला, घारापुरीच्या लेण्यांची मोजमापे आणि चित्रे त्याने काढली. मुंबई सोडून तो इराणच्या आखातात गेला आणि मार्च १७६५ मध्ये तख्ते जमशीदला पोहोचला. तेथे तीन आठवड्यांहून अधिक काळ उन्हात बसून त्याने लेखांच्या नकला केल्या, एकेक खिळा मोजून. अर्थ कळत नसताना इतकी शुद्ध नक्कल करणे किती अवघड, हे शुद्धलेखन तपासणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला विचारावे.

त्या नकलांवरून लिपीचे कुलूप उघडले ते १८०२ मध्ये जर्मनीत ग्योटिंगेन गावी. उघडणारा कोणी प्रोफेसर नव्हता. गिओर्ग ग्रोटेफेंड हा २७ वर्षांचा शाळामास्तर होता. मित्राशी लावलेल्या पैजेतून तो या कामास लागला असे सांगतात. विद्यार्थ्यांनी त्याची रीत नीट समजून घ्यावी, कारण भूमितीच्या सिद्धतेसारखीच ती आहे. सासानी राजांचे लेख त्यापूर्वी थोडीच वर्षे अगोदर वाचले गेले होते आणि त्यांत ठरावीक साचा असे: अमुक, थोर राजा, राजांचा राजा, तमुकाचा पुत्र. जुन्या लेखांतही हाच साचा असेल असे ग्रोटेफेंडने धरले. त्याच्यापुढे दोन लहान लेख होते. एका लेखातील राजा हा दुसऱ्या लेखातील राजाचा मुलगा दिसत होता. पण त्या दुसऱ्या राजाच्या बापाच्या नावापुढे 'राजा' हा शब्दच नव्हता. म्हणजे आजोबा राजा नव्हता, बाप राजा झाला, मुलगाही राजा झाला. इराणच्या वंशावळीत असे कोण बसते? सायरस आणि त्याचा मुलगा कंबुजिय घ्यावेत, तर त्यांची नावे एकाच अक्षराने सुरू व्हावयास हवीत, आणि लेखांत तसे नव्हते. उरला विश्तास्पाचा मुलगा दार्युश, आणि दार्युशाचा मुलगा झर्क्सिस. नावे बसली, नावांवरून काही अक्षरे सुटली आणि दोन हजार वर्षे मुका असलेला दगड बोलू लागला.

ग्रोटेफेंडने आपला निबंध तेथील विद्वत्सभेपुढे ठेवला. परंतु तो पौर्वात्य विद्येचा पंडित नव्हता, म्हणून सभेने तो छापला नाही. शेवटी १८०५ मध्ये एका स्नेह्याच्या ग्रंथाला पुरवणी म्हणून तो मजकूर बाहेर आला. मास्तरांच्या वाट्याला असे येतेच! पुढे बेहिस्तून येथील उंच कड्यावरचा दार्युशाचा त्रिभाषी लेख हेन्री रॉलिन्सन याने १८३५ पासून उतरविला आणि लिपीचे उरलेले काम पुष्कळसे पुरे झाले. हा रॉलिन्सनही कंपनी सरकारच्या मुंबई फौजेतला.

अमेरिकेतील शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी १९३१ पासून येथे उत्खनन केले. १९३३ मध्ये चौथऱ्याच्या तटबंदीत मातीच्या हजारो पाट्या सापडल्या. त्यांत लढाया नाहीत, शिधावाटपाचे हिशेब आहेत. कोणत्या मजुराला किती जव, कोणाला किती मद्य. कामकरी स्त्रियांना पगार आहे आणि बाळंतिणींना जादा शिधा आहे. मात्र मुलगा झाला तर शिधा दुप्पट, मुलगी झाली तर निम्मा. अडीच हजार वर्षे जुनी ही नोंद वाचून आमच्या वर्गातील मुलींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की तो हिशेब जणू मीच लिहिला होता.

असो. तर वाकडी तलवार आली कोठून?

सासानी राजांची तलवार लांब आणि सरळ होती. सातव्या शतकात कादिसियाच्या आणि नहावंदच्या लढाया झाल्या तेव्हा अरबांच्या हातातही सरळ, दुधारी तलवारी होत्या. इस्लामच्या पहिल्या पिढ्यांची तलवार ही अशी सरळ. वाकडे पाते तयार केले ते मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात घोड्यावर जन्म काढणाऱ्या तुर्क व इतर भटक्या टोळ्यांनी. यामागील कारण स्वयंपाकघरातही कळते. विळीवर भोपळा नुसता दाबला तर चिरत नाही, पात्यावरून सरकवला की झरझर चिरतो. दौडत्या घोड्यावरून वार करताना वाकडे पाते लागल्याबरोबर आपोआप सरकते आणि खोल चिरते. शिवाय ते अडकून राहत नाही, म्हणून स्वाराच्या मनगटाला झटका कमी बसतो. भोसकण्यास मात्र ते फारसे कामाचे नाही. अब्बासी खलिफांच्या फौजेत तुर्क आले, अकराव्या शतकात सेल्जुक आले, तेराव्यात मोंगल आले, आणि या लोकांबरोबर वाकडी तलवार इराणात रुजली. तिला आपले पूर्ण, देखणे रूप मिळाले ते सफवी घराण्याच्या काळात, विशेषतः शाह अब्बास पहिला (१५८८ ते १६२९) याच्या अमदानीत. अरुंद, निमुळते, चांगलेच झुकलेले पाते, साधी आडवी मूठ आणि टोकाशी एका बाजूला वळलेला तिचा गोंडा. दार्युशानंतर दोन हजार वर्षांहून अधिक काळाने आलेली ही वस्तू.

'शमशेर' हा शब्द तलवारीच्या या रूपापेक्षा पुष्कळ जुना आहे. सासानी काळच्या पहलवी भाषेतही तो होता आणि त्याचा अर्थ नुसता 'तलवार' असा होता, मग ती सरळ का असेना. मराठीने तो 'समशेर' म्हणून घेतला. बाजीराव आणि मस्तानी यांचा मुलगा समशेरबहाद्दर, जो १७६१ मध्ये पानिपतावर जखमी होऊन वारला, त्याच्या नावात तोच शब्द आहे. उलट मराठा स्वारांच्या आवडीची 'फिरंग' ही सरळ पात्याची होती, आणि तिचे पाते नावाप्रमाणे युरोपातून येई. तलवारीच्या आकारावरून धर्म ओळखावयाचा म्हटले तर येथे सगळाच घोटाळा होईल.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. इराणी समशेरीची कीर्ती तिच्या बाकापेक्षा तिच्या पोलादावर अधिक होती. त्या पोलादावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसे, तिला 'जौहर' म्हणत. हे पोलाद पुष्कळसे हिंदुस्थानातून जाई. अरबीत उत्तम तलवारीला 'मुहन्नद' हा शब्द आहे, त्यात हिंदचेच नाव आहे. नवव्या शतकात अल-किंदी या तत्त्वज्ञाने खलिफा मुतसिम याच्यासाठी तलवारींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, त्यात हिंद आणि सरनदीब, म्हणजे श्रीलंका, येथील पात्यांचा विचार आहे. सतराव्या शतकात गोवळकोंड्याचे पोलाद इराणला जात असल्याचे फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये लिहितो. नांदेडला लागून असलेल्या निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम नावाचे गाव आहे. तेथे मातीच्या बंद मुशीत लोखंड घालून तासन्तास भट्टीत तापवीत आणि सावकाश थंड करीत. एकोणिसाव्या शतकात व्हॉयसी नावाचा इंग्रज संशोधक तेथे गेला तेव्हा इराणी व्यापारी पोलाद खरेदीसाठी येत असल्याचे त्याने पाहिले. इराणातही असे पोलाद होत असे. यझ्द प्रांतात चाहक येथे अकराव्या-बाराव्या शतकातील मुशी सापडल्या, आणि त्यांतील पोलादात मुद्दाम क्रोमियम मिसळले जात असे हे लंडनच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले. मुशीतील पोलादाच्या वड्या घडवून इस्फहानचे कारागीर पाती करीत. असदुल्ला इस्फहानी हे नाव कितीतरी पात्यांवर आढळते. ती पाती इतक्या निरनिराळ्या काळांतील आहेत की एका माणसाच्या आयुष्यात मावत नाहीत. नावाला किंमत आली की नकला होतात, हे तेव्हाही होते.

मग चित्रकारांची चूक का होते? सफवी काळच्या चित्रकारांनी शाहनाम्यातील रुस्तमला रंगविले तेव्हा त्याच्या कमरेला आपल्या काळची तलवार दिली. त्यात त्यांचा दोष नाही, आपल्याकडेही रामायणातील योद्ध्यांना अलीकडची शस्त्रे दिलेली चित्रे आहेत. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय चित्रकारांनी पूर्वेकडील कोणताही माणूस रंगविताना हातात वाकडे पाते आणि डोक्याला मुंडासे दिले. इराणच्या झेंड्यावरील सिंहाच्या पंजातही १९७९ च्या क्रांतीपर्यंत वाकडीच तलवार होती. अशा चित्रांवर चित्रे रचली गेली, आणि शेवटी आमच्या सहावीच्या भिंतीवर दार्युशाच्या शिपायाच्या हातात ती येऊन पोहोचली.

शेवटी एका शनिवारी मी हे सर्व वर्गात सांगितले. दुसरा तक्ता आणण्यास पैसे नव्हते, म्हणून मुलांनी पुठ्ठ्याच्या सरळ, आखूड अकिनाकेस कापल्या, त्यांना रुपेरी कागद लावला आणि तक्त्यावरील प्रत्येक वाकड्या तलवारीवर चिकटविल्या. ज्या मुलीने प्रश्न विचारला होता तिनेच शिल्पाच्या छायाचित्रावरून माप घेतले आणि तलवार उजव्या मांडीवर हवी म्हणून दोनदा काढून पुन्हा लावली. एका उत्साही मुलाने शेजारच्या चित्रातील सिकंदराच्या शिपायाची तलवारही झाकून टाकली. ती मात्र बरोबर होती.